टेबल सॉ गुण्यात आणण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात गेल्या काही वर्षांत घरच्या घरी लाकूडकाम करणारे बरेच झाले आहेत. कुणाकडे विकतचं छोटं टेबल सॉ (माथ्यातून गोल फिरतं पातं वर येतं ते यंत्र) आहे, कुणी प्लायच्या टेबलाखाली सर्क्युलर सॉ उलटं टांगून स्वतःच केलंय. दोघांची तक्रार एकच: माप बरोबर घेतलं, रेघ बरोबर मारली, तरी खोका जोडताना शेवटचा कोपरा उघडा राहतो. बहुतेक वेळा हात चुकलेला नसतो, मशीनच गुण्यात नसतं. आणि ते गुण्यात आणायला महागडी हत्यारं लागत नाहीत, क्रम पाळावा लागतो. खालचे प्रश्न त्याच क्रमानं घेतले आहेत.

टेबल गुण्यात आहे म्हणजे नेमकं काय?

पाच गोष्टी. टेबलाचा माथा सपाट असणं. पातं खाचेला (जिच्यात मायटर गेज, म्हणजे लाकूड ठरावीक कोनात धरून ढकलायचं साधन, सरकतं ती) समांतर असणं. फेन्स (लाकूड टेकवून सरळ चिरायची बाजूची सरकती पट्टी) त्याच खाचेला समांतर असणं. पातं माथ्याशी ९० अंशांत उभं असणं. आणि गेज किंवा स्लेड (लाकूड धरून खाचेतून सरकणारा पाट) पात्याशी काटकोनात असणं.

यातली प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर उभी असते. फेन्स आधी नीट केली आणि मग पातं हलवलं, तर फेन्सचं काम पुन्हा करावं लागतं. खाच टेबलात कोरलेली असते, ती हलत नाही, म्हणून सगळी मोजमापं तिच्यापासून सुरू होतात. घरी केलेल्या टेबलाला खाच नसेल तर आधी खाच पाडून घ्या, बाकीचं नंतर.

आमचे मिस्त्री म्हणतात अर्धा सूत इकडेतिकडे चालतं. मग एवढी मेहनत कशाला?

मिस्त्रींचं त्यांच्या कामापुरतं बरोबर आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडा जास्त. दाराची चौकट बसवताना भिंतच ओळंब्यात नसते, तिथे जागेवर रंधा मारूनच मेळ घालायचा असतो आणि उरलेली फट पट्टीखाली जाते. त्या कामात अर्धा सूत खरंच काही नाही.

फोटोची फ्रेम, ड्रॉवर किंवा देव्हाऱ्याचं दार करताना फट झाकायला काही नसतं. शिवाय चूक साठत जाते. ४५ अंशांच्या फ्रेमला आठ काप लागतात. प्रत्येक काप अर्ध्या अंशानं एकाच बाजूला चुकला तर शेवटच्या कोपऱ्यावर चार अंश जमतात. पट्टी ६० मिलिमीटर रुंद असेल तर त्या सांध्याचं एक टोक जवळजवळ ६ मिलिमीटर उघडं राहतं. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही, ६ मिलिमीटर मात्र समोरच्या भिंतीवरूनही दिसतात.

३०० मिलिमीटर लांबीत ०.१ मिलिमीटर फरक, हे घरच्या कामासाठी चांगलं लक्ष्य आहे. प्रिंटरचा साधा ए-४ कागद साधारण तेवढाच जाड असतो, त्यामुळे मोजायचं साधन घरात आहेच.

गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून बघतो, पण गुण्याच बरोबर आहे हे कशावरून?

विचारायलाच हवा असा प्रश्न, आणि फार थोडे जण विचारतात. सरळ कडेचा प्लायचा तुकडा घ्या. गुण्याचा दांडा कडेला घट्ट टेकवून गुण्याच्याच पात्याच्या बाजूनं टोकदार पेन्सिलीनं रेघ मारा. आता गुण्या उलटा करा, म्हणजे दांडा आधी डावीकडे होता तो उजवीकडे येईल, आणि त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या तर जेवढा फाटा दिसतो त्याच्या निम्मी गुण्याची चूक. त्याआधी कड सरळ आहे याची खात्री मात्र करून घ्या, नाहीतर गुण्यावर उगाच आळ येतो.

नवा गुण्या घेताना ही परीक्षा हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवरच करा. दुकानदाराला वाईट वाटत नाही, उलट तो आतून दुसरा काढून देतो. लाकडी दांड्याचा जुना गुण्या एकदा जरी फरशीवर पडला असेल तर पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नका. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कुणाची ओळख असेल तर त्याचा उपयोग करून घ्या. तिथल्या मशीन शॉपमध्ये सरफेस प्लेट (अचूक सपाट पाट) आणि मास्टर गुण्या असतो, त्याला आपला गुण्या लावून उजेडासमोर धरला की पाच मिनिटांत निकाल लागतो. बडोद्यात राहण्याचा हा फायदा आपण पुरेसा घेत नाही.

माथा सपाट आहे का ते कसं बघू?

अॅल्युमिनियमची सरळ पट्टी उभ्या कडेवर ठेवा: लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. खालून कागद सरकवून बघा. पात्याच्या आसपास दोन कागदांपेक्षा जास्त फट नको, लांबच्या कोपऱ्यात थोडी असली तरी चालते.

ओतीव लोखंडाचा माथा सहसा ठीक असतो. अडचण घरी केलेल्या टेबलांची. १८ मिलिमीटरच्या एकाच प्लायवर सॉ टांगलं की काही महिन्यांत प्लाय मधोमध बसतो. प्लायचे दोन थर चिकटवा आणि खाली उभ्या पट्ट्यांची चौकट द्या.

पीळ वेगळा तपासावा लागतो. सारख्या उंचीच्या दोन सरळ पट्ट्या टेबलाच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि खाली वाकून एका पट्टीच्या कडेवरून दुसरीकडे बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. दिसल्या नाहीत तर टेबल मोडीत काढण्याआधी पायांकडे बघा. रावपुऱ्या-दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत कोट्याची फरशी क्वचितच एका पातळीत असते, आणि चौथा पाय अधांतरी राहिला की हलकं टेबल तेवढंच पिळवटतं. पायाखाली पॅकिंग घातलं की अर्ध्या वेळा पीळ तिथल्या तिथे जातो.

पातं खाचेला समांतर कसं करायचं?

सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग बाहेर काढून डोळ्यासमोर ठेवा. पातं पूर्ण वर घ्या. मायटर गेजला लाकडाची एक पट्टी क्लॅम्प करा आणि तिच्या टोकाला पात्याच्या दिशेनं पितळी स्क्रू बसवा. पात्याच्या एका दात्यावर मार्करनं खूण करा. तो दाता पुढच्या बाजूला टेबलाच्या किंचित वर आणा आणि गेज सरकवून स्क्रू इतकाच आत-बाहेर करा की पातं हातानं हळू फिरवल्यावर दाता स्क्रूला निसटता घासेल. कान द्या, अगदी बारीक 'खर्र' ऐकू येतं.

आता तोच खुणेचा दाता फिरवून मागच्या बाजूला आणा, गेज खाचेतून मागे सरकवा आणि पुन्हा ऐका. तसाच आवाज आला तर पातं समांतर आहे. आवाज नाही आला तर फटीत कागद किंवा फीलर गेजचं (ठरावीक जाडीच्या पानांच्या मापकाचं) पान घालून फट मोजा. दाता स्क्रूवर जोरात आदळला तर पात्याची मागची बाजू गेजकडे झुकलेली आहे.

दोन्हीकडे तोच दाता का? कारण पातं स्वतः थोडं वाकडं असू शकतं आणि सगळे दाते एका रेषेत नसतात. एकच दाता दोन जागी नेला की पात्याचा दोष हिशेबातून जातो आणि फक्त मशीनचा उरतो. डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) असेल तर स्क्रूच्या जागी तो लावा. पुढून-मागून ०.०५ ते ०.१ मिलिमीटर फरक आला तर तिथेच थांबा.

दुरुस्तीसाठी टेबलाखाली पात्याची बैठक धरून ठेवणारे बोल्ट असतात, बहुधा चार. त्यातले तीन सैल करा आणि चौथा किंचितच ढिला करा, म्हणजे बैठक त्याच्याभोवती फिरेल. लाकडी हातोडीनं हलके ठोके द्या आणि पुन्हा मोजा. बोल्ट आवळतानाही बैठक सरकते, म्हणून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळा आणि शेवटी परत तपासा. ही शेवटची तपासणी टाळली की आधीची सगळी खटपट वाया जाते. उलट्या टांगलेल्या सॉला असे बोल्ट नसतात. तिथे बेस प्लेटची भोकं कानशीनं लांबट करा आणि मोठे वॉशर घालून बसवा.

कापल्यावर लाकडावर काळे डाग पडतात. पातं बोथट झालंय का?

झालं असेल, पण आधी ते धुऊन बघा. सागाचा चीक आणि प्लायचा गोंद दात्यांवर साठतो. पातं काढून कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड घालून थोडा वेळ भिजत ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा आणि लगेच कोरडं करा.

तरीही डाग पडत असतील तर ते कुठे आहेत बघा. फक्त फेन्सकडच्या तुकड्यावर असतील तर फेन्स मागच्या टोकाला पात्याकडे आवळते आहे. दोन्ही तुकड्यांवर असतील तर पातंच तिरकं चालतंय, म्हणजे वरच्या प्रश्नाकडे परत. आणखी एक खूण: तुकडा पात्याच्या मागच्या भागापाशी पोचला की आवाज दुसऱ्यांदा चढतो. वर येणारे मागचे दाते लाकूड पुन्हा कापत असतात.

फेन्स पात्याला अगदी समांतर ठेवायची की मागून थोडी उघडी?

यावर वाद आहेत. माझं मत असं: अगदी समांतर किंवा मागून एका कागदाइतकी उघडी, दोन्ही चालेल. मागून आवळलेली मात्र कधीही नको.

कारण नीट समजून घ्या. १८५ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ५००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा दात्याचा वेग सेकंदाला ४८ मीटरच्या वर जातो, म्हणजे ताशी जवळजवळ १७५ किलोमीटर. पुढचे दाते लाकूड खाली दाबतात, मागचे वर उचलतात. फेन्स मागे आवळलेली असली की तुकडा मागच्या दात्यांवर रेटला जातो, दाते त्याला उचलतात आणि तो त्या वेगानं तुमच्याकडे येतो. म्हणून पात्यामागे रायव्हिंग नाइफ (कापलेली फट उघडी ठेवणारं पातळ पान) हवाच. घरच्या टेबलालाही तो करून घ्या. त्याची जाडी पात्याच्या मुख्य पत्र्यापेक्षा थोडी जास्त आणि कापाच्या रुंदीपेक्षा थोडी कमी ठेवा. आणि उभं राहताना पात्याच्या रेषेत उभे राहू नका.

मोजायला सोपं आहे. फेन्स खाचेच्या कडेशी आणा, लॉक करा आणि पुढे-मागे बोट फिरवून कड लागते का बघा. बोटाला कागदाएवढा फरकही जाणवतो. लॉक करताना फेन्सचं मागचं टोक उडी मारत असेल तर ते आधी दुरुस्त करा, नाहीतर दर वेळी वेगळं माप येईल.

पातं ९० अंशांत उभं आहे हे स्केलवर दिसतंच ना?

स्केलवर विसंबू नका. गुण्या पात्याच्या पत्र्याला टेकवा, दात्याला नको, दाते पत्र्यापेक्षा बाहेर आलेले असतात. मग लाकडाला विचारा: ७०-८० मिलिमीटर उंचीची सरळ पट्टी उभी धरून आडवी कापा. एक तुकडा खालची बाजू वर करून पालथा घाला आणि दोन्ही कापलेली टोकं टेबलावर एकमेकांना भिडवा. वर किंवा खाली फट दिसली तर चूक त्या फटीच्या निम्मी आहे. नीट झालं की ९० अंशांचा अडथळा-बोल्ट तिथेच पक्का करा.

स्लेड काटकोनात कसं लावायचं? गुण्यानं लावलं तरी फरक राहतोय.

राहणारच, कारण लहान गुण्याची बारीक चूक मोठ्या स्लेडवर वाढते. इथे पाच कापांची रीत वापरा. तिला गुण्याच लागत नाही.

आधी स्लेडची मागची पट्टी एका टोकाला एकाच स्क्रूनं बसवा, म्हणजे ती त्या स्क्रूभोवती फिरेल, आणि दुसरं टोक क्लॅम्पनं धरा. साधारण ३०० मिलिमीटरचा चौकोनी प्लायचा तुकडा घ्या. एक बाजू कापा. नुकतीच कापलेली कड पट्टीला टेकेल असा तुकडा फिरवा आणि दुसरी बाजू कापा. असंच एकाच दिशेनं फिरवत चारही बाजू कापा. पाचव्यांदा पहिल्या बाजूवर या आणि साधारण २५ मिलिमीटर रुंदीची चीप (अरुंद पट्टी) काढा. दर फेरीला चूक साठत जाते आणि पाचव्या कापात चौपट होऊन दिसते.

चिपेची दोन्ही टोकं व्हर्नियरनं मोजा. समजा एक टोक २५.४० आलं आणि दुसरं २५.००. फरक ०.४०, त्याला चारनं भागा, ०.१०. म्हणजे ३०० मिलिमीटर लांबीत ०.१० ची चूक. फिरत्या स्क्रूपासून क्लॅम्पपर्यंत ४५० मिलिमीटर अंतर असेल तर तिथे पट्टी ०.१५ नं हलवायची.

०.१५ हलवायचं कसं? हात लावला की जास्तच सरकतं. म्हणून पट्टीला टेकवून एक ठोकळा स्लेडवर घट्ट क्लॅम्प करा. पट्टी ठोकळ्यापासून दूर न्यायची असेल तर मध्ये ०.१५ चं फीलर पान घालून ती त्याला टेकवा. ठोकळ्याकडे आणायची असेल तर आधी पान मध्ये ठेवून ठोकळा लावा, मग पान काढून पट्टी ठोकळ्याला भिडवा. दिशा चुकली तर पुढच्या चिपेत फरक वाढलेला दिसेल, मग उलट करा. फरक ०.१० च्या आत आला की बाकीचे स्क्रू मारून मोकळे व्हा. फीलर गेज मोटारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं.

संखेड्याहून खरादलेले पाय आणून चौरंग करायचा आहे. पाय गोल, मग गुण्याचा काय संबंध?

पाय गोल असले तरी त्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांची टोकं काटकोनातच हवीत. टोक तिरकं असलं की सांधा आवळताना पाय फाकतो, आणि संखेड्याचं सुंदर लाखकाम वाकड्या पायांवर दिसतं. समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी अगदी सारखी येण्यासाठी प्रत्येकीला वेगळं माप लावू नका. स्लेडला एक ठोकळा क्लॅम्प करा आणि दोन्ही पट्ट्या त्याला टेकवून कापा. ठोकळ्याची खालची कड थोडी तासून टाका, नाहीतर भुसा साचतो आणि दुसरी पट्टी आखूड निघते.

आठ बाय चारचा पूर्ण प्लाय छोट्या टेबलावर बसत नाही. तो गुण्यात कसा कापू?

जमिनीवर, सरळ पट्टी क्लॅम्प करून, हातातल्या सर्क्युलर सॉनं. काटकोन ३-४-५ नं काढा: एका कडेवर ९००, दुसऱ्या रेषेवर १२०० मिलिमीटर घ्या, तिरकं अंतर बरोबर १५०० यायला हवं. कारखान्याची कड सरळ असेल असं गृहीत धरू नका, टेम्पोतून येताना कोपरेही दबतात.

कापलेला तुकडा कर्णांनी तपासा. ९०० बाय ६०० चा तुकडा १ मिलिमीटरनं तिरका असेल तर दोन कर्णांत जवळजवळ १.७ मिलिमीटर फरक दिसतो. कर्ण चूक मोठी करून दाखवतो, म्हणून मोठ्या तुकड्याला गुण्यापेक्षा टेप बरा.

पावसाळ्यात सगळं बिघडतं. गणपतीचं मखर श्रावणात केलं, दिवाळीपर्यंत सांधे उघडले.

ही मशीनची चूक नाही, लाकडाचा स्वभाव आहे. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत सागाची रुंदी वार्षिक वलयांच्या दिशेनं साधारण ५.८ टक्के आणि गाभ्याच्या दिशेनं साधारण २.५ टक्के कमी होते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. दमट हवेत फुगलेली फळी काटकोनात कापली तरी कोरड्या दिवसांत ती रुंदीत आकसते आणि ४५ अंशांचा सांधा आतल्या कोपऱ्याकडून उघडतो. मखरासाठी रुंद फळ्यांची फ्रेम करायची असेल तर प्लायच्या कडेला लाकडाची बारीक पट्टी (लिपिंग) द्या, किंवा या ४५ अंशांच्या मायटर सांध्याऐवजी कुसाचा (भोकात कूस बसवायचा) सरळ सांधा करा.

टेबलाचंही तसंच. स्लेडखाली लाकडी रनर (खाचेत सरकणारी पट्टी) असेल तर जुलैत तो खाचेत अडकतो आणि मे महिन्यात डुगडुगतो. अॅल्युमिनियमची पट्टी वापरा, नाहीतर वाळलेल्या सागाचा असा तुकडा निवडा ज्याची वलयं खाचेच्या भिंतींना समांतर, म्हणजे टोकाकडून उभी दिसतील. लोखंडी माथ्यावर पावसाळ्यात साधं मेण घासत राहा. सिलिकॉनचा स्प्रे नको, त्यावरून गेलेल्या लाकडावर पॉलिश धरत नाही.

चार इंची मार्बल कटर उलटा टेबलाला लावला तर? स्वस्तात होईल.

नको. त्याची बेस प्लेट पातळ असते, दोन दिवसांत पातं ९० अंशांतून निसटतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांनी फिरतो, लाकडासाठी गार्ड किंवा रायव्हिंग नाइफ त्याला नसतो, आणि उलटा टांगला की बटण हाताशी राहत नाही.

टेबल सॉच नाही. मग काटकोन टोक कसं आणायचं?

हातकरवतीनं रेघेच्या किंचित बाहेर कापा आणि टोकाला रंधा मारा. १८ मिलिमीटरच्या प्लायवर एक अरुंद प्लाय चिकटवून पायरी करा आणि तिच्यावर काटकोनात एक पट्टी ठोका. तुकडा पट्टीला टेकवायचा, रंधा पायरीखाली आडवा ठेवून सरकवायचा. पट्टी काटकोनात आहे का हे गुण्यासारखंच तपासा: दोन तुकड्यांची टोकं रंधा, एक तुकडा पालथा घाला आणि सरळ पट्टीला लावून टोकं भिडवा. धारदार रंध्यानं आलेलं टोक कोणत्याही पात्यापेक्षा साफ असतं.

हे सगळं किती वेळा करायचं?

पातं बदललं की ९० अंश तपासा. टेबल हलवलं, गच्चीवरून खाली आणलं, किंवा तुकडा अडकून झटका बसला, की सगळा क्रम पुन्हा करा. ऋतू बदलला की स्लेडची एक पाच-कापांची चीप काढा. तिच्यावर तारीख आणि फरक लिहून ती टेबलाजवळच ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी फरक कोणत्या बाजूला वाढला ते लगेच कळतं.